पालकांच्या परवानगीने

नोकरीच्या कागदांत मी त्रेपन्न वर्षांचा आहे. डोक्यावरचे उरलेसुरले केस बघितले तर लोक त्यात आणखी दोन-चार वर्षं आपल्या पदरची घालतात. पण माझ्या स्वतःच्या, कोऱ्या करकरीत लॅपटॉपच्या लेखी मी सात वर्षांचा आहे आणि माझे पालक म्हणून तिथे माझ्या सासऱ्यांची नोंद आहे. ही हकिकत मी ज्यांना ज्यांना सांगितली ते सगळे आधी पोट धरून हसले आणि मग गंभीर चेहरा करून म्हणाले, "पण तुम्ही नीट वाचलं का नाही?" वाचलं होतं. नीट वाचलं म्हणूनच हे झालं.

मी पाणीपुरवठा कार्यालयात बिलांच्या विभागात आहे. आमच्याकडच्या संगणकीकरण विभागाचे प्रमुख निवृत्त होणार होते आणि त्या जागेसाठी मी अर्ज केला होता. मुलाखत मुख्य कार्यालयाकडून, समोरासमोर नाही तर पडद्यावर. परिपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, 'उमेदवाराने स्वतःच्या लॅपटॉपवरून हजर राहावे.' म्हणून लॅपटॉप घेतला. तो बायकोने निवडला. आमच्या घरात पडद्याच्या रंगापासून कुलपाच्या कंपनीपर्यंत सगळं तीच निवडते. अँटीव्हायरसचं तेवढं माझ्यावर सोडलं, कारण तो दिसत नाही.

"एवढं तरी तुम्ही बघा," ती म्हणाली.

त्या 'एवढं तरी'मुळे माझ्या अंगात वीरश्री संचारली. संगणकीकरण विभागाचा भावी प्रमुख साधा अँटीव्हायरस निवडू शकत नाही म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सहज विषय काढला. सहज काढलेल्या विषयांचा आमच्या ऑफिसात जो फज्जा उडतो तोच याचाही उडाला. आमचे कॅशियर त्याच जागेसाठी अर्ज करून बसले होते. हा गृहस्थ माऊस दोन्ही हातांनी धरतो, जणू उडून जाईल. ते म्हणाले, "अँटीव्हायरस खोक्यातला घ्यावा. हवेतून उतरवलेल्याचा काय भरवसा? खोकं असलं की उद्या भांडायला दुकान तरी असतं." मला हे पटलं. आता वाटतं, प्रतिस्पर्ध्याचा सल्ला पटतो तेव्हाच माणसाने सावध व्हावं.

संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरचे शेजारी भेटले. बिल्डिंगमध्ये यांना सगळे 'तज्ज्ञ' म्हणतात. सुरुवातीला टिंगलीने म्हणत होते, पण त्यांनी ते मनावर घेतलं. माझ्या हातातला लॅपटॉपचा डबा बघून ते चार पायऱ्या परत खाली उतरले. खोक्यातला अँटीव्हायरस आणायला निघालोय, असं मी सांगितलं.

"खोक्यातला? अहो, विकत कशाला घेता? फुकटचा असतो की. माझ्याकडे आहे. आणा इकडे."

"पण कॅशियर म्हणत होते..."

"कॅशियर!" तज्ज्ञांनी तो शब्द असा उच्चारला की मला कॅशियरांचीच दया आली. जिन्यातच, गुडघ्यावर लॅपटॉप ठेवून, त्यांनी फुकटचा अँटीव्हायरस चढवला. येणारे-जाणारे आम्हाला ओलांडून जात होते. तळमजल्यावरच्या काकू थांबल्या, वाकून बघितलं आणि विचारलं, "बरा होईल ना?"

घरी येऊन लॅपटॉप उघडला तर त्यात आणखी एक अँटीव्हायरस आधीपासून बसलेलाच होता. कंपनीने थोड्या दिवसांसाठी चाखायला दिलेला. त्याने तज्ज्ञांच्या अँटीव्हायरसला व्हायरस समजून पकडलं. तज्ज्ञांच्या अँटीव्हायरसने त्याला पकडलं. दोघांच्या लाल पाट्या एकमेकींवर चढायला लागल्या आणि लॅपटॉपचा पंखा असा घरघरायला लागला की बायको आतून ओरडली, "मिक्सर कोणी लावलाय?"

सासरे गॅलरीत बसले होते. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. आयुष्यभर स्टेशनमास्तर होते. बोलणं कमी, मिशी भरघोस आणि मनगटावर घड्याळ अजून तसंच, जरी आता त्यांना कुठली गाडी सोडायची नव्हती. सकाळी चहा, मग वर्तमानपत्र, मग गॅलरी. दाढीसुद्धा चार-चार दिवस करत नसत. माझ्याशी फार अदबीने वागत. जावई म्हणून कायम 'तुम्ही', आणि त्या 'तुम्ही'त आमच्यात एक रिकामी खुर्ची ठेवलेली असल्यासारखं वाटायचं. त्यांनी मान वळवून लॅपटॉपकडे बघितलं आणि म्हणाले, "एका केबिनमध्ये दोन मास्तर बसवले की असंच होतं."

मी शेवटी दुकान गाठलं. तिथला विक्रेता गळ्यात ओळखपत्र आणि चेहऱ्यावर सहानुभूती घालून उभा होता. माझी सगळी कहाणी ऐकल्यावर त्याने डॉक्टरसारखा श्वास सोडला आणि विचारलं, "घरात किती माणसं?"

"अँटीव्हायरसला माणसं कशाला लागतात?"

"सर, एकट्याचा पॅक आणि कौटुंबिक पॅक यात फरक आहे. कौटुंबिकमध्ये संपूर्ण संरक्षण मिळतं. बाकीचे सगळे अँटीव्हायरस तो स्वतःच काढून टाकतो."

मला फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं. कौटुंबिक पॅक घेतला. खोक्यावर एक हसणारं कुटुंब होतं आणि त्यांच्या डोक्यावर ढाल धरलेला एक ससा. सशाकडे मी तेव्हा फारसं लक्ष दिलं नाही.

आता खरा प्रसंग. घरी बसून मी नोंदणी सुरू केली. पहिला रकाना माझ्या नावाचा. भरला. दुसरा रकाना: 'पालकाचे नाव'.

मला सांगा, यात शंका घेण्यासारखं काय होतं? शाळेच्या प्रवेशापासून नोकरीच्या अर्जापर्यंत प्रत्येक कागदावर आपण पालकाचं नाव भरत आलोय. कोणी विचारलं नाही की बाबा रे, तुला आता पालक कशाला? विचारतात, आपण भरतो. माझे वडील हयात नाहीत, म्हणून मी विचारपूर्वक सासऱ्यांचं नाव लिहिलं. खाली 'पालकाचा मोबाइल क्रमांक' होता, तिथे त्यांचा क्रमांक घातला. मग जन्मवर्ष. जन्मवर्षाची यादी चालू वर्षापासून सुरू होऊन मागे मागे जात होती. माझं वर्ष गाठायचं म्हणजे विहिरीत बादली सोडण्यासारखं काम. मी बोटाने यादी ओढत होतो, ओढत होतो, इतक्यात बायकोने आतून हाक मारली, "अहो, दूध आलंय का बघा!" बोट सुटलं. यादी जिथे थांबली तिथे थांबली. मी दूध बघून आलो आणि 'पुढे' दाबलं.

ससा पडद्यावर उड्या मारत आला. 'अरे वा! तुझं स्वागत आहे!'

मला वाटलं, कंपनी मनमिळाऊ दिसतेय.

त्याच क्षणी गॅलरीत सासऱ्यांचा फोन वाजला. त्यांच्या फोनवर सहसा काही येत नसे. त्यांनी चष्मा लावला, संदेश वाचला, पुन्हा वाचला आणि लेकीला हाक मारली. तिनेही वाचला. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. संदेश असा होता: 'अभिनंदन! आपल्या मुलाची सुरक्षितता आता आपल्या हाती आहे. तो काय बघतो, किती वेळ बघतो आणि कोणाशी बोलतो, हे आपण ठरवा.'

"हे काय आहे?" बायकोने विचारलं.

"काहीतरी चुकून आलं असेल," मी म्हणालो. "मी आत्ता दुरुस्त करतो."

दुरुस्तीचं बटण होतं. दाबलं. ससा आला, तोंडावर बोट ठेवून. 'थांब हं! ही गोष्ट मोठ्यांची आहे. आपण पालकांना विचारूया!' गॅलरीत पुन्हा फोन वाजला.

त्या दिवसापासून माझं हसं कसं झालं ते काय सांगू. लॅपटॉपवर बातम्या उघडल्या तर 'यात हिंसा आहे'. बँक उघडली तर 'पैशांचे व्यवहार मोठी माणसं करतात'. मुलाखतीच्या तयारीसाठी पाणीचोरी कशी पकडतात यावरचा एक अहवाल शोधत होतो, तर ससा आला आणि गॅलरीतून आवाज आला, "चोरीबद्दल काय वाचताय?"

"ऑफिसचं आहे, बाबा!"

"विषय काय?"

मी उठून गॅलरीत गेलो आणि विषय समजावून सांगितला. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, मग घड्याळात बघितलं आणि बटण दाबलं. "सोडलं," ते म्हणाले. आयुष्यभर पुढच्या स्टेशनला विचारल्याशिवाय त्यांनी एकही गाडी सोडली नव्हती. जावयाला कशी सोडतील?

संध्याकाळी जेवणाच्या आधीच पडद्यावर चांदोबा उगवायचा. 'आता झोपायची वेळ झाली!' आणि लॅपटॉप बंद व्हायचा. एकदा मी वेळ व्हायच्या आत स्वतःच बंद केला, तर दुसऱ्या दिवशी सशाने मला एक तारा दिला. 'शाब्बास!' आता हे मी कोणाला सांगणार नव्हतो, पण सांगतोच. तेवीस वर्षांच्या नोकरीत मला साहेबांनी कधी शाब्बास म्हटलेलं नाही. मी तो तारा थोडा वेळ बघत बसलो.

अर्थात, दुसरीकडे मी रीतसर लढतही होतो. कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली. मी नोंदणी क्रमांक सांगितला. तिकडे टकटक झाली आणि आवाज आणखी गोड झाला.

"बाळा, घरात कोणी मोठं आहे का?"

"मीच मोठा आहे!"

"हो, हो. पण आई किंवा बाबा आहेत का जवळ? त्यांच्याकडे फोन दे."

"अहो, मी त्रेपन्न वर्षांचा आहे. माझा आवाज ऐका!"

"बाळा, आवाज जाड काढला तरी आम्हाला कळतं," ती समजुतीने म्हणाली. "रोज असे खूप फोन येतात. कालच एकजण मला आपण न्यायाधीश आहोत म्हणून सांगत होता."

तो खरोखरच न्यायाधीश असेल अशी मला दाट शंका आली. कुठेतरी एखाद्या बंगल्यात तो बिचारा चांदोबा उगवायची वाट बघत बसला असेल.

बायकोने फोन घेतला तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. वय बदलायला जन्मदाखला पाठवायचा होता. तो लॅपटॉपवरून चढवायला गेलो, तर मुलांनी कागदपत्रं पाठवू नयेत म्हणून ससा आडवा. बायकोच्या मोबाइलवरून पाठवला, तर दाखल्यात वडिलांचं नाव वेगळं आणि नोंदीतल्या पालकाचं वेगळं. 'आपण या मुलाचे पालक असल्याचा पुरावा जोडावा.' सासऱ्यांनी मला रीतसर दत्तक घ्यावं की काय, इथपर्यंत आमची चर्चा गेली. पुन्हा फोन, पुन्हा संगीत. शेवटी असं ठरलं की पालक आणि मूल यांनी जन्मदाखला हातात धरून एकत्र फोटो काढून पाठवावा.

तो फोटो बायकोने बैठकीच्या खोलीत काढला. सासरे खुर्चीत, मी शेजारी उभा, मधोमध दाखला. "जरा हसा," ती म्हणाली. सासरे हसले. मी हसलो नाही. त्यात दरवाजा उघडा राहिला होता आणि खाली निघालेले तज्ज्ञ नेमके तिथे थांबले. "काय, कसला सोहळा?" मी सांगायच्या आत सासऱ्यांनी सगळं सविस्तर सांगितलं. त्यांना एका दमात एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तज्ज्ञ खाली उतरताना जिन्यात हसत होते ते मला तळमजल्यापर्यंत ऐकू येत होतं. तिथून पुढे काकूंचा आवाज त्यात मिसळला.

'आपला अर्ज विचाराधीन आहे,' असं उत्तर आलं. मी मनातल्या मनात हिशेब केला. अर्ज फेटाळला तर मी अठरा वर्षांचा झाल्यावर आपोआप सुटणार होतो. म्हणजे सज्ञान व्हायच्या आधीच मी निवृत्त होणार.

मुलाखत दोन दिवसांवर आली तेव्हा माझा तोल गेला. स्वयंपाकघरात जाऊन मी बायकोला म्हणालो, "तो लॅपटॉप मी आता दुकानात नेऊन त्या विक्रेत्याच्या डोक्यात घालतो आणि नवा घेतो."

ती भाजी चिरत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "जरा हळू बोला. बाबा ऐकतील."

"ऐकू दे! मला माझ्याच घरात बँक उघडायला सासऱ्यांची परवानगी लागते!"

"तुम्ही बघितलंत का, बाबा हल्ली रोज दाढी करतात ते?"

मी बघितलं नव्हतं.

"सकाळी उठून दाढी, इस्त्रीचा शर्ट, मग फोन समोर ठेवून बसतात. काल मी बाजारात चला म्हटलं तर म्हणाले, आत्ता नको, जावयांचा काही निरोप आला तर?" सुरी थांबली. "आई गेल्यापासून त्यांना कोणी काही विचारतच नव्हतं हो. मीसुद्धा नाही. जेवायला काय करू, एवढंच."

मी गॅलरीत डोकावलो. सासरे ताठ बसले होते. हनुवटी तुळतुळीत, फोन स्टुलावर, चष्मा तयार. मी परत आत आलो. माणसाला धड संतापूसुद्धा देत नाहीत.

मात्र मुलाखतीचं सांगणं भाग होतं. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसलो. "बाबा, परवा सकाळी लॅपटॉपवर माझी मुलाखत आहे. तीन अनोळखी माणसं बोलणार. तुमच्याकडे विचारणा येईल. कृपा करून लगेच बटण दाबा. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत प्रथमच. "तू काळजी करू नकोस," ते म्हणाले. "मी ड्यूटीवर आहे."

'तू'! लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेल्यावर मी जावयावरून मुलगा झालो होतो. बढती की अवनती ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही, अजूनही येत नाही.

मुलाखतीच्या दिवशी मी वरून कोट-टाय आणि खाली घरातली विजार असा सज्ज बसलो. शेजारच्या खोलीत सासरे फोन घेऊन. बायकोने घरातली घंटा बंद केली, नळ घट्ट केला. पडद्यावर मुलाखत समितीच्या अध्यक्षबाई आल्या. विचारणा गेली, पलीकडून "सोडलं!" ऐकू आलं, बाईंचा चेहरा उमटला. पन्नाशीच्या, चष्म्याआडून माणसाचं वजन करणाऱ्या बाई. दुसरे सदस्य आले. "सोडलं!" तिसरे कुठे दिसत नव्हते, पण बाईंनी सुरुवात केली.

आणि सांगायला अभिमान वाटतो, सुरुवात चांगली झाली. बिलांच्या थकबाकीबद्दल बोललो, जुन्या नोंदी संगणकावर आणायच्या योजनेबद्दल बोललो. बाईंनी दोनदा मान हलवली. मला ती खुर्ची दिसायला लागली. मागे टेकता येणारी, हात ठेवायला जागा असलेली. माझ्या सध्याच्या खुर्चीला एकच हात आहे.

"आता मला सांगा," बाई म्हणाल्या, "आपल्या विभागातल्या संगणकांच्या सुरक्षिततेसाठी तुम्ही नेमकं काय कराल?"

मी घसा साफ केला. "मॅडम, सुरक्षितता ही आधी घरापासून..."

तेवढ्यात तिसरे सदस्य दाखल झाले. आपलं नाव न घालता. पडद्यावर नुसतंच आलं: 'पाहुणा'.

माझ्या चेहऱ्याच्या जागी ससा उभा राहिला. पूर्ण पडदाभर. तोंडावर बोट. मला दिसत होता तसाच त्यांनाही दिसत होता, आणि त्यांना ऐकूही येत होता. 'थांब हं! एक अनोळखी काका तुझ्याशी बोलू पाहताहेत! आपण पालकांना विचारूया!'

शेजारच्या खोलीतून "सोडलं" आलं नाही. मी मोठ्या आशेने भिंतीकडे बघितलं. मग दार उघडलं आणि सासरे फोन हातात घेऊन आत आले.

"हा 'पाहुणा' कोण?"

"बाबा, दाबा! दाबा बटण!" मी दात आवळून म्हणालो.

"नाव नसलेली गाडी मी घेत नाही," ते म्हणाले आणि माझ्या शेजारी येऊन लॅपटॉपसमोर वाकले. "कोण आहे ते? पूर्ण नाव आणि हुद्दा सांगा."

सशामागून एक भरदार आवाज आला. आमच्या खात्याचे मुख्य अभियंता होते. ज्यांच्या केबिनबाहेर लोक तासन्‌तास उभे राहतात, त्यांनी आपलं पूर्ण नाव आणि हुद्दा सांगितला.

"काम?"

"मुलाखत घ्यायची आहे."

"उशीर का झाला?"

"बाबा!" मी ओरडलो.

"बैठक लांबली," मुख्य अभियंता म्हणाले. आवाज किंचित खाली आला होता.

"पुढच्या वेळी आधी कळवत जा. सोडलं."

ससा गेला. पडद्यावर तीन चेहरे, आणि आमच्या बाजूला दोन. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आपण कोण?"

"मी याचा पालक," सासरे म्हणाले.

"सासरे," मी म्हणालो. "माझे सासरे आहेत, मॅडम. अँटीव्हायरसच्या नोंदणीत थोडी... जन्मवर्षाची यादी असते ना, ती ओढताना दूध आलं, आणि..."

मी बोलत होतो ते मलाच ऐकवेना. संगणकीकरण विभागाचा होऊ घातलेला प्रमुख, विषय संगणकाची सुरक्षितता, आणि उत्तरात दूध. दुसऱ्या सदस्यांनी पडद्याबाहेर मान वळवली. त्यांचे खांदे हलत होते.

"मुलगा वाईट नाही," सासरे माझ्या बाजूने बोलायला पुढे सरसावले. "मेहनती आहे. घाई करतो, एवढंच. वाचताना शेवटचं वाक्य आधी वाचतो. पण खोटं बोलत नाही. चोरीबद्दल वाचत होता तेही मला येऊन सांगितलं."

"कुठली चोरी?" मुख्य अभियंत्यांनी विचारलं.

"पाण्याची!" मी किंचाळलो. आणि तेवढ्यात पडद्यावर चांदोबा उगवला, भर सकाळी. 'आजचा खेळायचा वेळ संपला! उद्या भेटूया!' लॅपटॉप बंद झाला. काळ्या पडद्यात मला टाय लावलेला मी आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलेले सासरे दिसत राहिले.

"झालं?" बायकोने दारातून विचारलं.

"बरं झालं," सासरे म्हणाले. "मी दोन शब्द सांगितलेत."

निकाल आला तेव्हा मी ऑफिसात होतो, आशेने कोट-टाय घालून. जागा कॅशियरांना मिळाली. ते पेढ्यासारखे गोड होऊन माझ्याकडे आले आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला, अगदी माऊससारखा. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "आणि हो, ते आपले मेल कुठून उघडतात, एकदा दाखवाल का?" मी दाखवलं. दुसरं काय करणार?

घरी आलो तर सासरे दारातच उभे. हातात फोन. "हे आलंय," त्यांनी दाखवलं. कंपनीने अर्ज मंजूर केला होता. 'आपले मूल सज्ञान झाल्याचे आढळले आहे. पालकत्व समाप्त करण्यासाठी खालील बटण दाबा.'

"बटण दाबलं की तू सुटलास," सासरे म्हणाले. चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते वाट बघत होते. अंगठा पडद्यावर, पण टेकवलेला नाही. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

मला मोठं मन वगैरे दाखवायचं नव्हतं. खरं सांगायचं तर मी दमलो होतो. सज्ञान होऊन करायचं काय होतं? बँक उघडून शिल्लक बघायची की बातम्या उघडून हिंसा बघायची? आणि उद्यापासून ऑफिसात ज्यांच्या हाताखाली बसायचं त्यांना आज मी मेल उघडायला शिकवून आलो होतो.

"राहू दे, बाबा," मी बूट काढत म्हणालो. "एवढी काही घाई नाही."

त्यांनी फोन खिशात ठेवला. माझ्यासाठी पाण्याचा ग्लास त्यांनी स्वतः आणला. भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जरा जोरात.

मी पाणी पीत होतो तेव्हा माझा मोबाइल वाजला. अनोळखी क्रमांक. उचलला तर अध्यक्षबाई! मी तसाच उभा राहिलो, एका पायात मोजा. माणसाचं मन किती निर्लज्ज असतं बघा. क्षणार्धात ती हात असलेली खुर्ची पुन्हा डोळ्यांसमोर आली. निवड बदलली असेल. कॅशियरांनी माऊस मोडला असेल.

"मुलाखतीबद्दल बोलायचं होतं," बाई म्हणाल्या. आवाज वेगळाच होता, थकलेला, घरचा. "म्हणजे, निकाल तो झालाच. पण माझा मुलगा दहावीला आहे हो. दिवसरात्र त्या पडद्याला चिकटलेला असतो. माझं ऐकत नाही, वडिलांचं ऐकत नाही. त्या दिवशी तुमच्याकडे जे बघितलं... तुमचे सासरे आहेत का घरात? मला त्यांचा सल्ला हवा होता."

मी मोबाइल सासऱ्यांच्या हातात दिला. ते उभे राहिले, शर्ट सारखा केला आणि गॅलरीत गेले. दार लोटलेलं होतं. आतून फक्त त्यांची येरझार दिसत होती आणि मधूनमधून वर जाणारा एक हात. बराच वेळ बोलणं चाललं. बायको पदराला हात पुसत येऊन माझ्याशेजारी बसली. मी कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला, पण रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात काही लागेना. आपल्या भवितव्याची चर्चा आपल्याच घरात, आपल्याच मोबाइलवर, दार लोटून चालू असते आणि आपण बाहेर एका पायात मोजा घालून बसलेले असतो. हे दुःख शाळा सोडल्यापासून मी विसरलो होतो.

शेवटी सासरे बाहेर आले. चेहऱ्यावर कमालीचं समाधान.

"बाई समंजस आहेत," ते म्हणाले. "रविवारी मुलाला घेऊन येतायत मला भेटायला."

"इथे?" मी आणि बायको एकदमच म्हणालो.

"इथेच. तुझीही चौकशी केली त्यांनी."

"काय विचारलं?"

"विचारत होत्या, जावई कसे आहेत आता?"

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

सासऱ्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. टाय, कोट, एक मोजा.

"म्हटलं, सुधारतोय."